हॉटेलचे बिल आणि आबांचा प्रश्न

२०२५ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. आमच्या थोरल्या मुलीला ८६ टक्के गुण मिळाले. आळीत पेढे वाटून झाले, विहारात तिचा सत्कार झाला, पाहुण्यांचे फोन झाले. मग मुलांनी हट्ट धरला की हॉटेलात जेवायला जायचे. माझी पत्नी म्हणाली, "पार्सल आणा, भाकरी मी घरी टाकते." आमचे आबा अशा बाबतीत सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "पार्सल नको. पोरीनं नाव काढलंय. टेबलावर बसून जेवायचं."

आबांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तरणेपण सगळे सोलापूरच्या गिरणीत, सूतखात्यात गेले. मिलच्या गेटसमोरचा चहा, खाणावळीतल्या बाकड्यावर खाल्लेले मटण आणि लग्नाच्या पंगती, एवढेच त्यांचे बाहेरचे खाणे. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. आईने विड्या वळून आम्हा भावंडांना शाळेत घातले. मी बी.कॉम. झालो, कारकून झालो. दिवसभर दुसऱ्यांनी सादर केलेली बिले तपासायची, बेरजा लावायच्या, दहा रुपयांचा फरक निघाला तरी कागद परत पाठवायचा, हे माझे काम. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तेच माझ्या अंगाशी आले.

एका शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण निघालो. आबा, आई, आम्ही दोघे, थोरली आणि धाकटा. दोन रिक्षा केल्या. ऑफिसमधल्या एकाने सांगितलेले हॉटेल होते. नाव सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण तसली हॉटेले गावात पुष्कळ आहेत. बाहेर लाल-निळ्या दिव्यांची पाटी. मोठ्या अक्षरात 'बार अँड रेस्टॉरंट' आणि खाली बारीक अक्षरात 'फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय'.

आई पायरीवरच थांबली. "आरं, हितं दारू पित्यात की. पंचशील घेतलेली बाई मी, आत कशी येऊ?"

मी म्हणालो, "आई, आपण जेवायला आलोय. पिणारे वेगळीकडे बसतात."

हे माझे म्हणणे अर्धेच खरे निघाले. पिणारे वेगळीकडे बसत होते, पण फॅमिली रूमला जायची वाट त्यांच्यामधूनच होती. बायकामुलांना घेऊन आठ-दहा टेबलांच्या मधून जायचे, म्हणजे प्रत्येक टेबलावरचे बोलणे थांबते आणि माना वळतात. मुलीने ओढणी सारखी केली. आईने पदर तोंडाला लावला, तो थेट खुर्चीवर बसेपर्यंत. बरे, ती फॅमिली रूम तरी कशी? एका बाजूला संडास-मुतारीचे दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची भिंत, मध्ये तीन टेबले. वरून एसीचे पाणी थेंब थेंब गळत होते, त्याखाली बादली ठेवलेली. समोरच्या हॉलमधला सिगारेटचा धूर दार उघडले की आत यायचा. हॉटेलात धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे. तीस किंवा त्याहून जास्त खुर्च्या असतील तर त्यासाठी वेगळी बंद जागा करता येते, पण इथे बंद जागेत होतो ते आम्ही.

कॅप्टन आला. मी मेनूकार्ड मागितले. तो म्हणाला, "कार्ड प्रिंटिंगला गेलंय साहेब. तुम्ही फक्त बोला, सगळं आहे." मग मी मोठ्या माणसासारखा बोलू लागलो. चिकन मसाला दोन, मटण मसाला दोन, पनीर एक. तेवढ्यात आबांनी विचारले, "मटणाचा दर काय?"

कॅप्टन हसला. वाईट हसला असे नाही, पण हसला. बाजूच्या टेबलावर एक नवरा-बायको बसले होते, त्यांनीही पाहिले. माझे कान तापले. मी आबांच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "आबा, असू द्या हो." आबा गप्प झाले. दराचे उत्तर राहूनच गेले.

जेवणाचे काय सांगावे? पाऊण तासाने आले. चिकनचा, मटणाचा आणि पनीरचा रस्सा एकाच पातेल्यातला, एकच लाल रंग, एकच चव. मटण चावता चावता धाकटा दमला आणि पापडावर राहिला. भाकरी मागवली होती आबांसाठी. आमचा हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी इथून हाकेच्या अंतरावर पिकते. अशा गावात गार, कडेला वाळलेली भाकरी ताटात आली. आईने तुकडा मोडून पाहिला आणि एवढेच म्हणाली, "सकाळची हाय." साधे पाणी मागितले तर "फिल्टर बंद आहे" असे उत्तर मिळाले आणि न विचारता चार बाटल्या टेबलावर आल्या. पलीकडे कुणाचा तरी ग्लास फुटला, मोठ्याने शिवी ऐकू आली. मुलीने ताटातली मान वर केली नाही. तिच्यासाठीच तर आलो होतो.

बारमधल्या जेवणाची ही रड नवी नाही. 'परमिट रूम' हा शब्द आपण रोज पाट्यांवर वाचतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि कागदोपत्री तो आजही लागतो. वयाची अटही आहे, बियरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे. परवानेवाल्याने बसून प्यावी ती ही खोली. किती जणांच्या खिशात परवाना असतो ते विचारू नका. पण अशा ठिकाणी धंदा बाटलीवर चालतो. स्वयंपाकघर चालते ते चखण्यासाठी. पिणाऱ्याची जीभ दुसऱ्या पेगनंतर मटण शिजले की नाही हे पाहत नाही, मग आचारी तरी कशाला पाहील? आपण बायकापोरांना घेऊन तिथे जातो, कारण मांसाहारी जेवण, पंखा-एसी आणि बसायला बरी जागा एकत्र मिळणारे हॉटेल शोधायला गेले की निम्म्या वेळा पाटीवर 'बार' असतोच. त्यांच्या हिशेबात फॅमिली रूम म्हणजे उरलेली जागा.

बिल आले. बडीशेपच्या वाटीखाली दुमडलेला कागद. मी खालचा आकडा पाहिला, ३,०६१ रुपये. छातीत धस्स झाले, पण चेहऱ्यावर दाखवले नाही. मोबाईल काढला, स्कॅन केले, पैसे गेले. आबांनी विचारले, "बिल बघितलंस का?" मी म्हणालो, "बघितलं." ते खोटे होते.

उठताना आबांनी ताट उचलणाऱ्या पोराला जवळ बोलावले. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, बोलण्यावरून कर्नाटकच्या बाजूचा वाटला. आबांनी विचारले, "बाळ, एवढ्या बिलातलं तुला काय मिळतं का?" पोरगा म्हणाला, "नाही आजोबा, पगारच." किती वाजता आलास म्हटल्यावर सकाळी दहाला म्हणाला. तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. आबांनी बंडीच्या खिशातून पन्नासची नोट काढून त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर आबा झोपले नाहीत. नातीला म्हणाले, "ते बिल वाच बघू मोठ्यानं." तिने वाचले आणि मी माझ्याच घरात, माझ्याच कामात उघडा पडलो.

चिकन मसाला दोन, ५६०. मटण मसाला दोन, ७६०. पनीर २४०. भाकरी सहा, १८०. रोटी आठ, २४०. जिरा राईस दोन, ३२०. मसाला पापड दोन, १००. पाणी चार, १६०. आणि पीनट मसाला एक, ९० रुपये. मुलगी थांबली. "पीनट मसाला कुणी घेतला?" कुणीच नाही. समोरच्या हॉलमधल्या कुठल्या तरी टेबलाचा चखणा आमच्या बिलात आला होता. आई म्हणाली, "म्हंजे दारू त्यांनी पिली आन् शेंगदाण्याचं पैसं आपुन दिलं." रोट्या आठ लावल्या होत्या, आल्या होत्या सहा. आईने मोजल्या होत्या. आयुष्यभर विड्यांचे कट्टे मोजलेली बाई, तिची मोजणी चुकत नाही. म्हणजे तिथेच दीडशे रुपये जादा.

पुढे एकूण २,६५०. त्यावर 'एस.सी. १० टक्के', २६५. एस.सी. म्हणजे काय असे धाकट्याने विचारले तेव्हा मोठी माणसे एकमेकांकडे पाहून हसली. ते होते सर्व्हिस चार्ज. मग त्या सर्व्हिस चार्जसकट झालेल्या २,९१५ वर पाच टक्के टॅक्स, १४५ रुपये ७५ पैसे. झाले ३,०६१. आम्ही खरोखर खाल्लेले अन्न अडीच हजारांचे, त्यावर पाच टक्के धरले तर २,६२५. म्हणजे ४३६ रुपये आम्ही फुकट देऊन आलो. आईने हिशेब लावला की हजार विड्या वळल्या तरी एवढे पैसे पदरात पडत नाहीत.

मी म्हणालो, "जाऊ दे, एकदा झालं."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला त्या टायमाला बोलायची सोय नव्हती. तुला काय झालतं?"

आबांचा तो 'टाइम' मला ठाऊक आहे. लहानपणी अनेकदा ऐकला आहे. त्यांच्या गावात एस.टी. थांबायची तिथे चहाचे हॉटेल होते. आपल्या माणसांचे कप बाहेर कुडाच्या खुंटीला अडकवलेले, कान तुटलेले. स्वतःच काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन झाले की विसळून पुन्हा अडकवायचा. पैसे पायरीवर ठेवायचे. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. एकदा त्यांनी वडिलांना विचारले की आतल्या लोकांना बशी आहे, आपल्याला का नाही? वडिलांनी पाठीत धपाटा घातला. तो रागाने घातला नव्हता, भीतीने घातला होता, हे आबांना फार उशिरा कळले.

ही गोष्ट १९५६-५७ ची असावी. म्हणजे तेव्हा संविधान लागू होऊन सहा-सात वर्षे झाली होती. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लिहिल्या गेलेल्या त्या संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले हे शब्द स्पष्ट आहेत. तिथे जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलासारख्या किरकोळ जागेचे नाव कशाला, असे एखाद्याला वाटेल. ज्याने बाहेर उभे राहून चहा प्यायला आहे त्याला असे वाटत नाही. आणि १ जून १९५५ पासून अस्पृश्यता अपराध कायदाही लागू होता, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात शिरण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे आणि हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा. म्हणजे कुडावरचा तो कप तेव्हाही गुन्हाच होता. पण गावच्या हॉटेलवाल्याला ते तोंडावर सांगणार कोण?

शनिवारी मला कुणी बाहेर उभे केले नव्हते. हे मी नीट सांगतो, कारण आपल्याकडे कधी कधी प्रत्येक कडू घास जातीच्या खात्यावर टाकायची सवय असते. बाजूच्या टेबलावरचे ते नवरा-बायको कुठल्या जातीचे होते मला ठाऊक नाही. त्यांनाही तीच गार भाकरी आली आणि त्यांनीही बिल न वाचता स्कॅन केले. लुबाडण्यात त्या हॉटेलात पुरी समता होती. मला अडवले ते माझ्याच मनाने. दर विचारला तर आपण गरीब दिसू, बिल तपासले तर 'ही माणसे पहिल्यांदाच आलीत' असे वाटेल, ही ती भीती. ऑफिसात मी दहा रुपयांसाठी कागद परत पाठवतो आणि इथे शेजाऱ्याने पाहिले म्हणून बापाला गप्प केले. आबांच्या वडिलांचा तो धपाटा आणि माझे 'असू द्या हो' यात मला रात्रभर फारसे अंतर दिसेना.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर बिल घेऊन गेलो. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, त्याच वेळी बोलायचं की." बरोबरच होते त्याचे. तरी रोट्यांचे आणि शेंगदाण्याचे दीडशे रुपये त्याने फार वाद न घालता काढून दिले. सर्व्हिस चार्जचे नाव काढले तेव्हा म्हणाला, "तो सिस्टीममध्येच आहे, निघत नाही."

निघत नाही हे खरे नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, तो द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकाने ठरवायचे, आणि तो बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही, असे त्यात आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. आमचे जेवण त्यानंतरचे, मे महिन्यातले. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नव्हे, एवढे जरी आपल्या माणसांना कळले तरी पुष्कळ. आणि तो वाढणाऱ्या पोराच्या हाती जातोच असे नाही, ते त्या पोराने आबांना सांगितलेच होते.

टॅक्सचेही तसेच. साध्या हॉटेलातल्या जेवणावर पाच टक्के जीएसटी आहे, पण तो घेणाऱ्याच्या बिलावर त्याचा जीएसटी नंबर छापलेला असला पाहिजे. लहान हॉटेले सरकारला एकरकमी टक्केवारीने कर भरतात, त्याला कंपोझिशन म्हणतात. त्यांना गिऱ्हाईकाकडून वेगळा टॅक्स घेता येत नाही आणि बिलावर तसे लिहावे लागते. माझ्या कागदावर यातले काहीच नव्हते. नुसते 'टॅक्स ५ टक्के'. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर हवा, तोही नव्हता. पक्के बिल मागितले तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "साहेब, तुम्ही कुठल्या खात्यात आहात?"

पाण्याबद्दल मात्र मी भांडलो नाही. बाटलीवर २० रुपये छापले असताना ४० घेतले, हे मनाला लागते. पण सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात म्हटले आहे की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, कारण तिथे नुसती विक्री नसते, बसण्याची सोयही असते. आमच्या वस्तीतले कार्यकर्ते यावरून हॉटेलवाल्यांशी हमखास भांडतात आणि हरतात. त्यापेक्षा बाटलीचे झाकण उघडण्याआधी "नको" म्हणावे आणि साध्या पाण्याचा आग्रह धरावा.

राहिलेल्या पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. फोन मुलीने लावला. मराठीत बोलता येते. बिलाचा फोटो पाठवला, तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो तिने कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. त्यातून काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. पत्नी म्हणते, दोनशे पासष्ट रुपयांसाठी एवढी वणवण? तिचेही चुकत नाही, रजा आणि रिक्षाचे भाडे धरले तर व्यवहार तोट्याचाच आहे. मी अजून ठरवलेले नाही.

आई म्हणते, आता तिकडे पाऊल ठेवणार नाही, मटण घरी आणा, मी रांधते. खरे म्हणजे तिच्या हातच्या रश्श्यापुढे त्या हॉटेलने उभेच राहू नये. पण आबांचे वेगळेच चालले आहे. धाकट्याचा वाढदिवस आला की पुन्हा तिथेच जायचे म्हणतात. यावेळी समोरच्या, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे, आधी कार्ड मागायचे, कार्ड नसले तर दर कागदावर लिहून घ्यायचा, आणि भाकरी गरम आली नाही तर परत पाठवायची. परवा त्यांनी चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली. म्हणाले, "बिल मी वाचणार."